शोभाच्या नावाशेजारी

शोभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. आदल्याच आठवड्यात बेळगावच्या दवाखान्यात तिला भेटून आले होते. कावीळ म्हणता म्हणता स्वादुपिंडाचं दुखणं निघालं होतं. डॉक्टरांचं बोलणं मला कळेना, म्हणून तिनं पडल्या पडल्या एका कागदावर स्वादुपिंड काढून दाखवलं. पेन्सिलीनं, भागांची नावं सगळी उजव्या बाजूला. "आधी समजून घे, रडायचं मागनं," म्हणाली. मी रडले नाही. निपाणीच्या शोकसभेत मात्र माझं डोकं फिरलं. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, आम्हाला जीवशास्त्र शिकवलेले सर, आता पार म्हातारे झालेले, माईकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "शोभाला मी घडवलं." समोर कॉलेज चालवणाऱ्या संस्थेची माणसं माना डोलवत होती. कॉलेजच्या नव्या प्रयोगशाळेला याच सरांचं नाव द्यायचं घाटतंय, आणि आता शोभाच्या जिवावर ते पक्कं होणार, हे मी तिथंच ओळखलं. ती गेली, तिला मी परत आणू शकत नाही. पण तिला यांच्या खात्यावर जमा होऊ देणार नाही. हे लिहायला बसले ते तेवढ्यासाठीच.

आम्ही दोघी दहावीपर्यंत मराठी शाळेत एका बाकावर. ती बौद्ध वस्तीतली, आई तंबाखूच्या वखारीत कामाला. सायन्स घेतलं तसं सगळं एकदम इंग्रजीत आलं आणि आमची बोबडी वळली. दुसऱ्या वर्षाला बेडकाचं विच्छेदन असायचं. प्रॅक्टिकल संपलं की चिरलेले बेडूक टाकायचे आणि मेणाचे ट्रे धुवायचे. त्या कामाला शिपाई होता. तरी पहिल्याच दिवशी सरांनी साऱ्या वर्गादेखत सांगितलं, "शोभा, तू धू. तुमच्यातल्या लोकांस्नी सवय असत्या." कुणी हसलं, कुणी खाली बघितलं. त्या दिवसापासून वर्षभर सगळ्या वर्गाचे ट्रे तिच्या माथी आले. मी एकदा बाह्या सारून गेले तर तिनं मला घालवून दिलं. मग कळलं, ती नुसती धूत नव्हती. प्रत्येकाचा बेडूक टाकायच्या आधी उलटापालटा करून बघत होती... कुणाचं कुठं चुकलं, काय तुटलं, काय शाबूत राहिलं.

वार्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. विच्छेदनात मुलं कुठं चुकतात, असं त्यांनी तिला विचारलं. पोटावरच्या मधल्या शिरेवरूनच कात्री घालतात, मग रक्तात काहीच दिसत नाही, कडेनं कापायला पाहिजे, असं तिनं मोडक्या इंग्रजीत सांगितलं. आमच्या वर्गात बहुतेकांनी तीच शीर तोडलीय, हेही सांगून टाकलं. परीक्षक खूश झाले. शेजारी उभे असलेले सर लगेच पुढं झाले आणि हसत म्हणाले, तिची तयारी मीच करून घेतलीय. घडवण्याची गोष्ट ही अशी, तेव्हापासूनची.

पुढं ती त्याच कॉलेजात जीवशास्त्राची लेक्चरर झाली. आता बेडूक कापत नाहीत, जास्वंदीचं फूल उभं चिरतात, कांद्याच्या मुळाची स्लाइड करतात. शोभाचा नियम एकच होता, ज्याचा ट्रे त्यानं धुवायचा. सर निवृत्त झाल्यावर त्यांची नात तिच्या वर्गात आली. पोरीला घरी पेलाही विसळायची सवय नव्हती. सर स्वतः सांगायला आले, की पोरगी डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत्या, तिला तेवढी सूट दे. शोभानं त्यांना बसायला खुर्ची दिली आणि म्हणाली, "धू दे की सर. सवय नसली तर लागंल." नात नळाखाली ट्रे घासत होती आणि सर खुर्चीत बसून बघत होते. हे सांगताना ती पोट धरून हसली आणि मला तर त्या रात्री दोन घास जास्त गेले. पण त्याच नातीला तिनं रविवारीसुद्धा बोलावून शिकवलं, फर्स्ट क्लासात आणलं. माझ्या हातात असती तर मी पोरीला रडवलं असतं. शोभाला डूख धरता येत नव्हता. मला येतो.

परवा सरांचा फोन आला. मी शोभावर लिहितेय हे त्यांच्या कानावर गेलं होतं. म्हणाले, "लता, माझं नाव घाल गं त्यात. ती माझी विद्यार्थिनी, लोकांस्नी कळूदे."

"ट्रेचंबी लिहू का, सर?" मी विचारलं.

मग म्हणाले, "ते कशाला? जुनं झालं ते."

तर सर, ते सगळं वर लिहिलंय. निपाणीत हे वाचणाऱ्याला तुम्ही कोण ते कळेल, संस्थेच्या माणसांनाही कळेल. नाव मात्र मी घातलेलं नाही. शोभाच्या नावाशेजारी ते छापून यावं, एवढीच तुमची इच्छा होती.