घमेल्यातली भाकर

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गळ्यात गाठ निघाली तेव्हा बीडच्या डॉक्टरनं कागद परत हातात दिले आणि म्हणाला, "घरी घेऊन जा. खातील ते खाऊ घाला." असा राग आला मला! घासच उतरत नाही म्हणून तर नेलं होतं. पण डॉक्टरवर चिडून गाठ विरघळत नसते. मी सासरी कळवून टाकलं की आता माझी वाट बघू नका, आणि धारूरच्या अलीकडं, डोंगराच्या कडेच्या आमच्या घरी राहिले.

जन्मभर मेंढरांमागं हिंडलेला माणूस अंगणात बाजेवर पडून पाखरं बघायचा. साळुंकी पालीचं पिल्लू दगडावर आपटून आपटून गिळते, हे चाळिशीत आल्यावर मी त्या बाजेशी बसून पहिल्यांदा पाहिलं. जेवणाचं नाव काढलं की मात्र आप्पा तोंड फिरवायचे. माय दुधात भाकर कुस्करून आणायची. "बिनदाताचं लेकरू हाय का म्या?" म्हणून ते वाटी ढकलायचे.

पत्र्यावर मेंढरांसाठी शिळ्या भाकरीचे तुकडे वाळत असायचे. एक दिवस एका कावळ्यानं त्यातला एक उचलला आणि कोंबड्यांच्या पाण्याच्या घमेल्यापाशी आला. तुकडा पाण्यात टाकून शेजारी उभा राहिला. कावळा, आणि थांबतो! मधेच चोचीनं तुकडा उलटा केला, पुन्हा थांबला. मऊ झाल्यावर निवांत खाऊन गेला.

आप्पा कोपरावर रेलून उठले. "बघ गं पोरी, कावळ्याला बी कळतंय. आन म्या अडून बसलोय." त्या दुपारी त्यांनी पाण्यात भिजवलेली भाकर मागून घेतली. चांगली अर्धी खाल्ली. मायनं तोंडाला पदर लावला आणि आत गेली.

कावळा रोज यायला लागला, आणि दोघं बरोबरच जेवायला लागले. शेजारची म्हातारी मला बाजूला घेऊन म्हणाली, "आत्तापासून कशाला सवय लावायलीस कावळ्याला?" तिच्या डोक्यात दहावा होता. मी तिला नको नको ते बोलले. खरं सांगायचं तर मला वाटायला लागलं होतं की डॉक्टरचंच चुकलं असेल.

अमावस्येपर्यंत तेही बंद झालं. आधी भिजली भाकर उलटून यायला लागली, मग दूध. उतरत नाही हे माहीत असून पाहुणे द्राक्षं घेऊन यायचे. मी ती पाहुण्यांच्या देखत मेंढरांना घालायचे. एकदा कावळा घमेल्यापाशी तुकडा भिजवत उभा होता. आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हाकल त्याला. माझ्याच्यानं बघवत न्हाई." मी हाकललं, आणि घमेलं घरामागं कडब्याच्या गंजीपाशी नेऊन ठेवलं.

मग आम्हीही तिथंच जेवायला लागलो. वासानं त्यांचा जीव तळमळेल म्हणून मायनं फोडणी देणं सोडलं. कांदा बुक्कीनं फोडला तर आवाज होतो, म्हणून विळीवर हलकेच चिरायचा. आप्पांना सांगायचं, आमचं मघाशीच झालं. दोघी मायलेकी उभ्या उभ्या चोरासारख्या भाकर गिळायचो. कावळ्याला मात्र चोरी ठाऊक नव्हती. आमची ताटं दिसली की तो गंजीवर बसून काव काव करत गाव गोळा करायचा.

एका दुपारी आप्पांनी हाक मारली. आवाज कसला, नुसती घरघर. आम्ही धावत पुढं गेलो.

"कावळा मागं वरडतोय," ते म्हणाले. "तुमी मागं जेवताय."

टिटवीच्या ओरडण्यावरून लांडगा ओळखणारा माणूस तो, त्याच्यापासून काय लपणार?

"ताटं हिकडं आना. माझ्यासमोर जेवा. उपाशी मरायचंय ते मला, तुमाला न्हाई."

आम्ही बाजेशी बसलो. ते आमच्या तोंडांकडं बघत होते. मी घास घेतला, चावला, पुन्हा चावला. गळा माझा धडधाकट, पण घास काही खाली जाईना. मायनं तांब्यातलं पाणी आपल्या भाकरीवर ओतलं आणि तांब्या माझ्याकडं सरकवला. मीही ओतलं आणि लगेच तुकडा मोडायला गेले.

"थांब जरा," आप्पा म्हणाले. "भिजू दे."