जपान हजर

माझ्या वर्गातली मुलं संयुक्त राष्ट्र दिनासाठी कागदी झेंडे चिकटवत होती. कणकेच्या खळीचा वास आला आणि मी माझ्या लहानपणीच्या वर्गात जाऊन बसले.

तेव्हा गुरुजींनी प्रत्येकाला एकेक देश दिला होता. माझ्या शेजारची सखू जपान होती. पण ती पहाटेच चौसाळ्याच्या फाट्यावरून आईबापासोबत ऊसतोडीला गेलती. गुरुजींनी तिचा झेंडा रिकाम्या जागेवर ठेवला आणि हजेरीत पुकारलं, "जपान?"

"मी हितंच हाय, गुरुजी."

आवाज सखूचाच होता. सगळ्यांनी ऐकला. गुरुजींनी पुढचा देश पुकारलाच नाही.

तेव्हा मी भीतीनं गारठले होते. आज ऊसतोडीच्या टोळ्या गेल्यात, निम्म्या वर्गात नुसते झेंडे बसलेत. मी एकेक देश पुकारते आणि कानात प्राण आणून थांबते.