मफलरचा हिरवा

मावशीच्या उजव्या डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय दिसतंय?"

"भिंत," मावशी म्हणाली.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. पण मावशी तेवढ्यावर थांबणारी नव्हती. तिने उजवा डोळा झाकून डाव्याने भिंत पाहिली, मग डावा झाकून उजव्याने. डाव्या डोळ्याची भिंत चहा सांडून पुसल्यासारखी होती. उजव्या डोळ्याची पांढरी स्वच्छ, जरा निळसरच.

"ह्यातली खरी कुठली?"

"नवीन डोळ्याची. मोतीबिंदू वाढतो तसा डोळ्यात पिवळेपणा येतो. हळूहळू येतो, म्हणून माणसाला कळत नाही. दुसरा डोळा दोन आठवड्यांनी करू, गुरुवारी. तोवर वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही आणि बारीक काम तर अजिबात नाही."

"किती वर्षं झाली असतील ह्या पिवळेपणाला?"

"सहा-सात तरी. जास्तही असतील."

दुसरं कोणी असतं तर नव्या डोळ्याचं कौतुक सगळ्या गल्लीला सांगत सुटलं असतं. मावशी मात्र घाबरली. कारण ही बाई रंगावर जगत होती.

थोरल्या बहिणीचा, म्हणजे आक्काचा मुलगा फोटोग्राफर होता. आक्काच्या घराच्या तळमजल्यावर त्याचा स्टुडिओ होता. आजकाल लोकांना पन्नास वर्षांपूर्वी काढल्यासारखे फोटो हवे असतात. तो तसे काळेपांढरे फोटो जाड, खरखरीत कागदावर छापायचा आणि मावशी त्यातल्या एकाच वस्तूला हाताने रंग द्यायची. नवरीच्या हातातला गुच्छ, पोराचा फुगा, म्हाताऱ्याची छत्री. काडीला कापूस गुंडाळायचा, काचेवर तेलरंग कालवायचा आणि भिंगाखाली बसून कागदात मुरवायचा. कॉम्प्युटरवर हेच काम मिनिटात होतं, हे भाच्यालाही माहीत होतं आणि गिऱ्हाइकांनाही. तरी लोक मावशीकडेच यायचे. "फोटोत एकानेच बोलायचं," ती सांगायची, "सगळे एकदम बोलायला लागले की कोणाचंच ऐकू येत नाही. आमच्या घरी बघा." गल्ली तिला एकरंगी मावशी म्हणायची. तिने लग्न केलं नव्हतं. केलं असतं तर नवऱ्याचाही एकच कान रंगवून ठेवला असता, असं आक्का म्हणायची.

मावशीला एका गोष्टीचा फार गर्व होता. माझा हात एखाद वेळी चुकेल, रंग चुकायचा नाही, असं ती चारचौघांत ठणकावून सांगायची. आणि आता ही डॉक्टरीणबाई म्हणत होती, सहा-सात वर्षं!

त्या दिवसापासून तिच्या पायाला भिंगरी लागली. आपल्या दोन खोल्यांत ती घटकाभर टेकेना. जेवताना उठायची, चादर एका डोळ्याने बघायची, मग दुसऱ्याने. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या, वाळत घातलेले कपडे, पोरांची दप्तरं, सगळं आलटून पालटून डोळे मिटत तपासायची. किराणा दुकानदाराला वाटलं, बाई डोळा मारतायत. तिसऱ्या दिवशी त्याने आपणहून दोन लिंबं जास्त टाकली. पासष्टीला आलेल्या बाईला हे भाग्य कुठलं मिळायला, पण मावशीचं लक्षच नव्हतं.

मग ती आपलेच फोटो शोधत हिंडायला लागली. शिंप्याच्या दुकानात त्याच्या सुनेचा फोटो होता, हातात जांभळट फुलं. मावशीने उजव्या डोळ्याने पाहिलं. रंग बरोबर! न्हाव्याकडची लाल खुर्ची बरोबर. शाळेतल्या बाईंच्या घरचा झबल्याचा गुलाबीही बरोबर. तिला हायसं वाटायच्या ऐवजी जास्तच अस्वस्थ वाटायला लागलं. डोळा खोटा होता तर रंग खरे कसे उतरले?

हे कोडं तिला परतीच्या वाटेवर, भर रस्त्यात सुटलं. शिंप्याने फुलांची रिबीन आणून दिली होती. शाळेतल्या बाईंनी झबल्याचा तुकडा दिला होता. खुर्ची तर डोळ्यासमोरच होती. नमुना समोर असला की तोही त्याच पिवळ्या डोळ्याने दिसायचा आणि रंगही त्याच डोळ्याने. दोन्ही सारखे दिसेपर्यंत कालवलं की चूक व्हायचं कारणच नव्हतं. कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात, पण सगळंच पिवळं दिसलं तर जोड्या बरोबर लागतात. चूक होणार ती फक्त जिथे नमुना नव्हता तिथे. जिथे वस्तू गेलेली होती आणि कोणीतरी नुसतं तोंडाने सांगितलं होतं.

असं काम तिने गेल्या कित्येक वर्षांत एकच केलं होतं. भावोजींचा मफलर.

आक्काचा नवरा पाच वर्षांपूर्वी गेला. त्याच्या आदल्या हिवाळ्यात तो आक्काने विणलेला मफलर बसमध्ये विसरला होता, आणि त्यावरून आक्काने त्याला महिनाभर फैलावर घेतलं होतं. तो गेल्यावर आक्काने एकच मागितलं. गच्चीच्या कठड्याला टेकून हसतानाचा त्याचा फोटो होता, मुलानेच काढलेला, काळापांढरा. त्यातल्या मफलरला तेवढा रंग दे. "फिकट हिरवा," आक्का म्हणाली होती, "कोवळ्या पानासारखा. तू बघितलाच होतास की." मावशीने रंग दिला. आक्काने फोटो हातात धरून बराच वेळ पाहिला आणि मान डोलावली.

मावशी तडक आक्काच्या घराचा जिना चढली. फोटो पलंगासमोरच्या भिंतीवर होता. डाव्या डोळ्याने पाहिलं. कोवळं पान. उजव्याने पाहिलं आणि तिला तोंडात मारल्यासारखं झालं. मफलर निळा होता. हिरव्याची नुसती झाक, बाकी दवाखान्याच्या पडद्यासारखा निळा. हिरव्यात घालायचा पिवळा तिच्या डोळ्यातच होता, म्हणून तो रंगात पडलाच नव्हता.

"काय बघतेस एवढं?" आक्काने आतून विचारलं.

"काही नाही. धूळ बसलीय."

"मग पूस की."

ते पुसणं मावशीच्या मनात घर करून बसलं. चार दिवस तिने कळ काढली. गुरुवार दोन दिवसांवर आला तेव्हा मंगळवारी दुपारी, आक्का झोपल्यावर, तिने फोटो खिळ्यावरून उतरवला, पदराखाली धरला आणि चोरासारखी जिना उतरली. सख्ख्या बहिणीच्या घरातून सख्ख्या भावोजींना पळवताना तिला क्षणभर हसूही आलं. भाचा बाहेर गेला होता. तिने फोटो चौकटीतून काढला आणि टर्पेंटाइनमध्ये कापूस बुडवला. ताजा रंग टर्पेंटाइनने निघतो, पण हा पाच वर्षं मुरलेला. निघेना. तिने जोर केला. धीर धरायला हवा होता, पण धीर असता तर ती तिथे आलीच नसती. दहाव्या फेऱ्याला कागदाची सालं निघाली. मफलर गेला, मान गेली, हनुवटीही अर्धी गेली.

भाचा दारात उभा होता. किती वेळ, कोण जाणे.

"हात दाखवून अवलक्षण," मावशी म्हणाली आणि खुर्चीत बसली. "रंग चुकला होता रे. निळा झाला होता."

भाच्याच्या तोंडावर आश्चर्य दिसलं नाही. मावशीने दोन्ही डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"मावशी, बाबांचाच मफलर तो. रोज बघायचो मी."

"म्हणून तू सगळ्यांना नमुना आणायला लावतोस? बटण आणा, दोरा आणा, तुकडा आणा. मला वाटलं, नसती शिस्त!"

"नमुना असला की तुझं बरोबर यायचं. मग कशाला बोलायचं?"

मावशीला राग आला, लाज वाटली, आणि हा पोरगा पाच वर्षं मूग गिळून आपली अब्रू सांभाळत होता हे कळून रडूही आलं. रडून घेतलं तिने. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही म्हणाली होती डॉक्टरीणबाई, पण आतून येणाऱ्या पाण्याबद्दल काही बोलली नव्हती.

भाच्याने तोच फोटो नव्याने छापून दिला. मावशीने नव्या डोळ्याने रंग कालवला. ह्या वेळी पिवळा घातला, मोजून मापून घातला, आणि तासाभरात मफलर कोवळ्या पानासारखा हिरवा झाला. आयुष्यात इतका अचूक रंग लागला नव्हता. ओला फोटो दोन्ही हातांत आडवा धरून ती वर गेली.

आक्का पलंगावर बसली होती. समोर नुसता खिळा.

"कुठे नेलं होतंस त्यांना?"

"दुरुस्त करायला. आक्का, माझ्या डोळ्यामुळे रंग चुकला होता गं. हा बघ. आता बरोबर केलाय."

आक्काने फोटो पाहिला. जवळ घेतला, लांब धरला. मग परत देऊन टाकला.

"हे कोण आहेत?"

"असं काय करतेस? भावोजी!"

"माझे मला दे."

"आक्का, तो निळा होता. चुकीचा होता."

"मला काय डोळे नाहीत?" आक्का कडाडली. "पहिल्या दिवशीच दिसलं मला. तू फोटो घेऊन आलीस ती रडतच. नवरा माझा गेला होता आणि धीर तुलाच नव्हता. त्यात सांगू, की बाई, रंग चुकला? गप्प बसले. सहा महिने राग यायचा. उठले की समोर तो निळा. मग कधीतरी राग गेला. आता डोळे मिटले तरी ते निळ्याच मफलरमध्ये येतात. त्यांनी तो हिरवा बसमध्ये हरवला, तसा मीही हरवला. आठवायला गेले तर आठवत नाही." तिने खिळ्याकडे बोट केलं. "माझे आण. कुठे आहेत?"

मावशीने मान खाली घातली. सालं निघालेला फोटो खाली टेबलावर होता. आक्काला ते न सांगताच कळलं. ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही.

बुधवारी सकाळी मावशी काळेपांढरे चार फोटो घेऊन बसली. निळ्यात हिरव्याची झाक, एवढंच तर करायचं होतं. पहिला गडद झाला. दुसरा मेलेला. तिसरा नुसताच आभाळी. तो निळा कसा होता हे नव्या डोळ्याला आठवेना, कारण नव्या डोळ्याने तो जेमतेम दोनदा पाहिला होता. "कॉम्प्युटरवर ठेवला होतास का रे?" तिने विचारलं. भाच्याने नाही म्हणून मान हलवली. रंग दिलेल्या फोटोचा फोटो कोण काढून ठेवतो? मावशी उठली, बसली, पुन्हा उठली. दाराशी गेली आणि परत आली. उद्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

आणि मग तिला एकदम कळलं, की तो निळा ह्या जगात कोणाला जमणार असेल तर तो फक्त तिच्या डाव्या डोळ्याला. तोही आजच्या दिवस.

ती वर गेली. "आक्का, खाली चल. माझा चांगला डोळा बांध."

आक्काने का म्हणून विचारलं नाही. ती खाली आली, रुमालाची घडी केली आणि बहिणीच्या उजव्या डोळ्यावर घट्ट बांधली. उरलेला एकच फोटो मावशीने काचेशेजारी ठेवला. स्टुडिओ चहाच्या रंगाचा झाला, कागद चहाच्या रंगाचा झाला, भावोजीही. मावशीने हिरवा कालवायला घेतला. निळा नव्हे, हिरवा. कोवळ्या पानासारखा, आक्काने सांगितला होता तसा, तिला खरा वाटेल तसा. पाच वर्षांपूर्वी जितक्या मनापासून लावला होता, तितक्याच मनापासून.

आक्का शेजारी स्टुलावर बसून बघत होती. तासाभराने मावशीने भिंग बाजूला ठेवलं.

"मला हिरवा दिसतोय," ती म्हणाली. "तुला?"

आक्काने फोटो टेबलावरून उचलला, ओला होता तरी. तिच्या बोटाला निळा रंग लागला. तो तिने पुसला नाही.

"जा आता उद्या," ती म्हणाली. "खुशाल कर दुसरा डोळा."