फुग्यात बसायची अट

मुलगा मला इंग्लंडला न्यायला आला आणि मुंबईच्या विमानतळावर त्यानं मला चाकांच्या खुर्चीत बसवलं. मला चालता येत होतं. तिथं पोचल्यावर रोज एकच विषय, गावाकडचा, निरवांगीचा मळा वाट्यानं देऊन टाक, आता तुझ्यानं होत नाही.

मग सुनेनं फुग्याची तिकिटं काढली. घराएवढा फुगा, त्याखाली वेताची टोपली, टोपलीत माणसं. मुलगा चिडला. "आईला कशाला? तिचे गुडघे बघितलेस का?"

मी म्हटलं, "माझ्या पायानं चढले आन् माझ्या पायानं उतरले, तर मळ्याचं नाव काढायचं न्हाय."

"आन् न्हाय जमलं तर?"

"दे वाट्यानं. मी अडवत न्हाय."

सकाळी एका कुरणात गेलो. फुगेवाल्या गोऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. उतरताना टोपली आपटते, तेव्हा दोर धरून उकिडवं बसावं लागतं. ज्याला बसता येत नाही त्याला तो नेत नाही. सगळ्यांनी बसून दाखवायचं होतं.

मी बसले. जन्मभर खुरपताना दुसरं काय केलं? मुलानं मात्र एक हात जमिनीला टेकवला.

"त्याला इचार, दुपारपर्यंत बसू का?"

मुलगा हाताची माती झटकत उठला. सुनेनं विचारलं. फुगेवाला हसला आणि टोपलीकडं हात केला.

टोपलीला दार नव्हतं, पाय ठेवायला भोकं होती. बैलगाडीच्या चाकावर पाय देऊन चढावं तशी चढले. नऊवारी अशा कामाला चांगली.

डोक्यावर जाळ भडकला आणि जमीन खाली गेली. भीती वाटली नाही. बघायलाच इतकं होतं. लहानमोठी हिरवी शेतं, एकही चौकोनी नाही. मेंढ्या सांडलेल्या ज्वारीसारख्या. नदी वळणं घेत चाललेली आणि काठावर पाण्याची एक मोटार नाही, एक पाइप नाही. आमच्या फुग्याची सावली झाडांवरून, कौलांवरून पळत होती. काळ्या-पांढऱ्या गाई मान वर करून बघत होत्या. तसल्या माझ्याही गोठ्यात आहेत.

प्रत्येक शेताच्या कडेला झाडाझुडपांची रुंद ओळ होती.

"ह्यो बांध?" मी विचारलं.

"व्हय. लई जुना."

"आन् कुणी कोरला न्हाय?"

मुलगा पहिल्यांदा मोकळा हसला. आमचा आणि माझ्या दिराचा बांध पूर्वी गाडी जाईल एवढा होता. आता त्यावरून शेळीसुद्धा जपून चालते. दिराला एकदा इथं आणून टांगलं पाहिजे.

देखणा मुलूख. मी उगाच कशाला देखणं म्हणत नाही.

उतरताना फुगेवाला ओरडला. मी दोर धरून बसले. टोपली आपटली, फरफटली, कलंडली. मुलगा येऊन माझ्या अंगावर पडला.

"आई, लागलं का गं?"

"आधी माझ्या पायावरनं ऊठ."

फुगेवाल्यानं बाहेर यायला हात दिला. मी घेतला नाही. शेत ओलांडून रस्त्याकडं निघालो, तर मुलानं सवयीनं माझा दंड धरला. मी सोडवून घेतला. पुढं लाकडी फाटक होतं, बंद. तो त्याची कडी शोधत राहिला.

"मळ्यात औंदा कांदा करणार हाय," मी त्याला फाटकाच्या पलीकडून सांगितलं.