मामांच्या गाडीचे तीन ठसके

आमच्या सौभाग्यवतींच्या धाकट्या मामांनी आयुष्यात एकही बिघाड अर्ध्यावर सोडलेला नाही. हे विधान मी शपथेवर करू शकतो, कारण त्यातले निम्मे बिघाड दुरुस्त होत असताना टॉर्च धरून मी शेजारी उभा होतो. मामा फौजेत सिग्नलला होते. सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि मलकापुरात घर बांधून राहिले. निवृत्त झाले ते फक्त सरकारदरबारी. घरात, गल्लीत, पाहुण्यारावळ्यांत कुठं काही बंद पडलं की मामांच्या चेहऱ्यावर तेज येतं. सगळं सुरळीत चाललं असेल तर माणूस उदास होतो, जेवण कमी जातं, आणि मग मामी हळूच आत जाऊन मिक्सरचा एखादा स्क्रू ढिला करून येतात असा माझा जुना संशय आहे. लग्नाला जाताना लोक खिशात आहेराचं पाकीट ठेवतात, मामा त्याच्या जोडीला टेस्टर ठेवतात. एकदा कऱ्हाडात ऐन मंगलाष्टकांत लाऊडस्पीकर गप्प झाला. भटजी ओठ हलवताहेत, मंडळी अंदाजानं अक्षता टाकताहेत, असा प्रकार सुरू झाला. मामा उठले, वायर चिमटीत धरली आणि तिच्या मागं मागं वरमाईच्या पायांजवळून, आइस्क्रीमच्या टेबलाखालून, थेट आचाऱ्याच्या भट्टीपर्यंत गेले. तिथं जोड दिलेली जागा कुणाच्या तरी पायानं सुटली होती. ती पिळून ते परत येईपर्यंत लग्न लागून गेलं होतं, पण मामांच्या समाधानासाठी शेवटचं मंगलाष्टक पुन्हा म्हणण्यात आलं. खुर्चीवर टेकता टेकता ते मला म्हणाले, "पाव्हणं, ध्यानात ठेवा. वायर कवा खोटं बोलत न्हाई. फॉल्ट जॉइंटातच असतो."

मामांकडं एक लांबलचक वही आहे. तिला ते फॉल्टबुक म्हणतात. वस्तू, लक्षण, कारण, उपाय असे रकाने पट्टीनं आखलेले. मी ती चोरून वाचली आहे. "मिक्सर. जळका वास. कारण: शेंगदाणे व घाई. उपाय: घरच्या मंडळींना समज दिली." त्याखाली वेगळ्या, गोलसर अक्षरात: "समज देणाऱ्यानं उद्यापासून कूट करावा." पुढच्या पानावर, "व्याही. फोन उचलत नाहीत. कारण: आमचेच बोलणे. उपाय: समक्ष जाणे, सोबत पेढे." शेवटच्या रकान्यात तांबड्या शाईनं "ठीक" पडलं की तो बिघाड निकालात निघाला असं समजायचं. माणसं आणि यंत्रं यांत मामा भेदभाव करत नाहीत, एवढा एक सद्गुण त्या वहीतून निश्चित सिद्ध होतो.

अशा या माणसाच्या घरी विजेवर चालणारी गाडी आली. शिरवळला कारखान्यात असलेल्या मुलानं हट्टानं घ्यायला लावली. जुनी जीप मामांनी एका नर्सरीवाल्याला देऊन टाकली. नवी गाडी आली तेव्हा मामींनी ताट घेऊन तिची यथासांग पूजा केली आणि मामा हातात टॉर्च घेऊन, मोठ्या अधिकाऱ्याच्या तपासणीला उभे राहावं तसे, "हे ऱ्हायलं, ते ऱ्हायलं" करत मागं उभे राहिले. पुढं त्यांनी गाडीचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं, लहान मुलांच्या खुर्चीच्या प्रकरणासकट. गाडीत खोट म्हणून सापडेना. ती चालते, वळते, थांबते, आणि चकार शब्द काढत नाही. नेमकं हेच मामांच्या जिव्हारी लागेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्याचं कारण कुंडलला राहतं. मामांच्या थोरल्या भावाच्या पत्नी, म्हणजे आमच्या थोरल्या मामी. मामा पाच वर्षांचे असताना त्यांची आई गेली आणि पुढच्याच वर्षी या लग्न होऊन घरात आल्या. धाकट्या दिराला त्यांनी न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, आणि भरतीला जाताना एसटीत बसवूनही दिलं. म्हणून बाकीच्या जगाचे सुभेदार त्यांच्या लेखी अजून "अरे" आहेत. गेली वीसेक वर्षं त्यांना दिसत नाही. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. मामा दर गुरुवारी दुपारी कुंडलला जातात. जीप बोळाच्या तोंडाशी, लिंबाखाली थांबायची. किल्ली काढली तरी तिचं इंजिन तीन ठसके दिल्याशिवाय शांत व्हायचं नाही, आणि दार दोनदा आपटल्याशिवाय लागायचं नाही. एवढं झालं की आतून थोरल्या मामींचा आवाज यायचा, "आलास? पाय धुऊन ये." मामा बाहेरच्या बादलीतल्या पाण्यानं पाय धुवायचे आणि मग आत जायचे. इतकी वर्षं हाच रिवाज.

नव्या गाडीतून मामा पहिल्यांदा गेले तेव्हा आतून आवाज आला नाही. सून मागं परड्यात होती. मामा उंबऱ्यापाशी घोटाळले आणि शेवटी आत जाऊन जवळ उभे राहिले, तर थोरल्या मामी दचकल्या आणि हातातलं निवडायचं सूप सांडलं. कोण आहे म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. मग एकदम रडायलाच लागल्या. "आलास आन् मला कळलंच न्हाई रं," एवढंच म्हणत राहिल्या. त्या दिवशी घरी येऊन मामा जेवले नाहीत, असं मामींनी आम्हाला सांगितलं.

दुसऱ्या गुरुवारी मामांनी हॉर्न वाजवला. थोरल्या मामी म्हणाल्या, हॉर्न तर दूधवालाही वाजवतो. तिसऱ्या गुरुवारी मामांनी कुणालाही न सांगता एक प्रयोग केला. दाराबाहेर उभं राहून, जीपच्या तालावर, स्वतःच तीन वेळा खोकले. त्याचा परिणाम असा झाला की थोरल्या मामींनी त्यांना बसवून अडुळशाचा काढा पाजला आणि येताना बाटली भरूनही दिली. हा काढा पुढं आठवडाभर मामांना प्यावा लागला, कारण रोज संध्याकाळी कुंडलहून फोन यायचा आणि फोनवर मामांना खोटं बोलता येत नाही.

अखेर माहितीपुस्तकाचं पाठांतर कामी आलं. त्यात एका कोपऱ्यात लिहिलं होतं की गाडी कुलूपबंद केल्यावर बाहेरच्या स्पीकरमधून आपल्या पसंतीचा आवाज काढता येतो. तो पेनड्राइव्हमध्ये भरून समोरच्या कप्प्यातल्या खाचेत लावायचा, एवढंच. मामा सकाळी साडेसहाला माझ्या दारात हजर झाले. मी शाळामास्तर. मागं कधीतरी संगणकाचं दहा दिवसांचं प्रशिक्षण घेतल्यामुळं सासरच्या गोतावळ्यात तज्ज्ञ समजला जातो. आम्ही आवाज धरायला नर्सरीवाल्याकडं गेलो. तो जीपवर खूश होता, फक्त येत्या सोमवारी हे ठसके तेवढे मिस्त्रीकडून काढून घेणार होता. मामांचा चेहरा पडला. आयुष्यभर दुसऱ्याचे बिघाड हुडकत फिरणारा हा माणूस आंब्याच्या रोपांत उभा राहून एक बिघाड जगवावा म्हणून गयावया करताना मी पाहिला. नर्सरीवाला म्हणाला, "आवं सुभेदार, इतकी वर्सं तुमच्याकडं हुती. तुमी कसं काय न्हाई काढलं?" मामांनी मला मोबाइल काढायची खूण केली. मी मोबाइल धरला, ठसके घेतले, दार दोनदा आपटून तेही घेतलं. पहिल्या वेळेला नर्सरीवाला मधेच शिंकला म्हणून सगळं पुन्हा घेतलं.

घरी येऊन मामा हातपाय धुवायला गेले तेव्हा मी फॉल्टबुक उघडलं. पंधरा-वीस वर्षांमागचं पान होतं. "जीप. किल्ली काढल्यावर तीन ठसके. कारण: समजले आहे. उपाय: करू नये. वैनीला कळते." पुढचा रकाना कोरा होता. म्हणजे सुरुवातीला केलेलं माझं विधान मला मागं घ्यावं लागेल. मामांनी एक बिघाड सोडला होता, आणि चांगला जाणूनबुजून सोडला होता. तोवर मी हे सगळं त्यांच्या हजार खुळांपैकी एक खूळ म्हणून गमतीनं घेत होतो. त्या पानानंतर मात्र मला गंमत सुचेना.

मी आवाज पेनड्राइव्हमध्ये भरला, पुस्तकात सांगितलेलं नाव दिलं, मामांनी तो खाचेत लावला. पडद्यावर उमटलं, फाइल सापडली नाही. मी आवाज कापून छोटा केला. सापडली नाही. पेनड्राइव्ह पुसून कोरा केला, पुन्हा भरला, मग नवाच आणला. सापडली नाही. माझ्या लॅपटॉपवर तोच पेनड्राइव्ह खणखणीत खोकायचा, गाडीत मुका व्हायचा. मामांनी अकरा प्रयत्न क्रमवार लिहून काढले. शिरवळहून मुलगा फोनवर म्हणाला, गाडी गॅरेजला न्या. गॅरेजवाले म्हणाले, ठेवून जा, पंधरा दिवसांनी बघू. पंधरा दिवस म्हणजे दोन गुरुवार, म्हणून मामांनी नकार दिला. मग ते माझ्याकडं रोखून बघू लागले. जीप चांगली होती, गाडी चांगली होती, त्या दोघींमधला जॉइंट कोण, तर मी. हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही, पण वहीत "कारण" या रकान्यात "पाव्हणे?" असं पेन्सिलीनं लिहिलेलं मी स्वतः वाचलं.

बाराव्या प्रयत्नाला मामी चहा घेऊन आल्या. एवढे दिवस त्या या भानगडीपासून लांब होत्या. कप देताना त्यांनी सहज विचारलं की ही काडी तुम्ही खुपसता तरी कुठं. मामांनी कप्प्यातली खाच दाखवली. मामी वाकून बघत राहिल्या.

"हितं तर मी कुंकू लावलं हुतं," त्या म्हणाल्या.

मामांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"तुमीच तर बॅटरी मारून दावलंसा, ह्ये भोक ऱ्हायलं म्हून. हळद, कुंकू, वर अक्षता."

इथं सांगायला हवं की आमच्याकडं खंडेनवमीला घरातलं पान्ह्यापासून सुईपर्यंत एकही हत्यार कुंकवावाचून सुटत नाही. ज्याला कुंकू लागलं नाही ते वर्षभर रुसतं. गाडीच्या पूजेतही मामी तशाच मनोभावे वागल्या होत्या, आणि सुभेदारांनी त्या मनोभावात फौजेची शिस्त मिसळली होती. मामांनी गाडी बंद केली, डोळ्याला भिंग लावलं, दात कोरायची काडी घेतली आणि खाचेत घातली. आधी हळदीचा पिवळा थर निघाला, मग कुंकवाची खपली, आणि सगळ्यात शेवटी, अगदी आतून, तांदळाचा एक अख्खा दाणा. मामांनी तो तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला. लग्नमांडवात मला सांगितलेला स्वतःचा नियम त्यांनी महिनाभर गाडीबाहेर ठेवला होता. "जॉइंट," ते एवढंच म्हणाले, आणि पेन्सिलीनं लिहिलेलं माझं नाव खोडरबरानं पुसून टाकलं. माझ्या सासरवाडीत माझी इतकी जाहीर प्रतिष्ठा त्याआधी कधी झाली नव्हती.

पेनड्राइव्ह आता बोटभर आत गेला. पडद्यावर फाइल सापडली. आम्ही तिघं अंगणात उतरलो, मामांनी गाडीकडं पाठ केली आणि बटण दाबलं. ती चकचकीत पांढरी गाडी जुनाट जीपसारखी तीनदा ठसकली आणि तिथं नसलेलं जीपचं दार दोनदा आपटलं. गल्लीतलं कुत्रं शेपूट घालून पळालं. समोरचे पेन्शनर गृहस्थ फाटकापर्यंत आले आणि जीप परत आणली काय म्हणून विचारू लागले. मामांनी त्यांना पुन्हा वाजवून दाखवलं, पलीकडच्यांना बोलावून वाजवलं, इस्त्रीवाल्याला वाजवलं. मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मामा कवायतीच्या मैदानावर असल्यासारखे ताठ उभे होते, आणि मला कडेला घेऊन म्हणाले, "पाव्हणं, गुरुवारी शाळंला रजा टाका. साक्षीदार पायजे."

मी रजा टाकली. उसाच्या ट्रॉल्या चुकवत आम्ही कुंडलला पोचलो तेव्हा अडीच वाजले असतील. लिंबाखाली गाडी लावली, उतरलो, दारं इतकी अलगद लागली की लागल्याचं मलाही कळलं नाही. मामांनी बटण दाबण्याआधी एकदा घराकडं पाहिलं. मग दाबलं. तीन ठसके, दोन आपट. नंतर बोळात काहीच हललं नाही. मी मामांकडं बघायचं टाळलं. तेवढ्यात आतून आवाज आला, अगदी रोजचा, सुपातल्या धान्यावरून हात न काढता दिल्यासारखा.

"आलास? पाय धुऊन ये."

मामांनी किल्ली खिशात टाकली. मग बादलीकडं गेले, तांब्या बुडवला आणि पाय धुऊ लागले. वातानुकूलित गाडीतून, मोजे-बूट घालून आलेल्या त्या पायांना धूळ म्हणून लागलेली नव्हती. तरी त्यांनी घोटे चोळले, टाचा चोळल्या, आणि मग दोनदा तोंडावरही पाणी मारलं. मी माझ्या चपला सरकवल्या तशी आतून पुन्हा विचारणा झाली, "संगं कोण हाय रं? त्येला बी सांग."

मामांनी तांब्या माझ्या हातात दिला. तोंड पुसायला त्यांना रुमाल सापडत नव्हता, आणि दोन्ही खिसे चाचपताना ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "पाणी लय गार हाय." मी पायांवर ओतून घेतलं. बादली सकाळपासून उन्हात होती, पाणी चांगलं कोमट होतं.