रिकामी खुर्ची

घरात पहिला शिकलेला मीच, म्हणून दर रविवारी वाराणसीच्या तुरुंगात कैद्यांना अक्षरं शिकवायला जातो. तिथे एक वृद्ध ख्रिस्ती प्रचारक येत. कैद्यांना गोलात बसवून ते एक रिकामी खुर्ची मांडत आणि रुमालाने हळुवार पुसत. ती त्या कैद्यांच्या हातून मारल्या गेलेल्या माणसाची.

पहिल्या दिवशी हे ठाऊक नसल्याने मी तिच्यावरच बसलो. थोरल्या भावाचा खून करून वर्षानुवर्षं गप्प राहिलेला एक कैदी माझ्याकडे बघून थरथरू लागला. मी उठणार, तोच प्रचारकांनी माझा खांदा दाबला. "बैठे रहिए, मास्टरजी. उसे बोलने दीजिए."

"भइया, बहुत दुखा था का?" कैद्याने विचारलं.

"हाँ, बबुआ," माझ्या तोंडून निघालं. तो ढसाढसा रडला.

मी मराठी घरातला. धाकट्याला लाडाने मारायची ही 'बबुआ'ची हाक मी कधीच कोणाला मारली नव्हती. बाहेर पडताना तसं सांगितलं, तर प्रचारकांना नवल वाटलं नाही.

"बड़ा भाई उसे यही कहता था," ते म्हणाले.