करीमभाईंची डावी टाच

चेंडू उजवीकडे वळला, निवडुंगाच्या कुंपणावरून गेला आणि त्र्यंबक रस्त्यावरच्या एका टांग्याच्या घोड्याला पुठ्ठ्यावर बसला. घोडा उधळला. टांग्यात त्र्यंबकेश्वराला निघालेली मंडळी होती, त्यांनी देवाचा धावा तिथूनच सुरू केला. नशिबानं कुणाला लागलं नाही. घोडा थोडं पुढे जाऊन आपणहून थांबला.

मी त्या दिवशी नाशिकच्या गोल्फ मैदानावर होतो तो क्लबच्या मंडळींचा वार्षिक ग्रुप फोटो काढायला. गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. चेंडू मारणारे होते बॅरिस्टर सबनीस. विलायतेहून वकिली आणि गोल्फ दोन्ही शिकून आले होते. वकिली जमली होती. त्यांच्या शेजारी मान खाली घालून उभे होते करीमभाई. हे मैदानाचे मास्तर, म्हणजे साहेब लोकांना खेळ शिकवणारे. मोडक्या काठ्या दुरुस्त करायचं कामही त्यांच्याकडेच. ते मैदानाच्या कडेला एका कौलारू खोलीत बायको-मुलींसह राहत. नोकरी होती म्हणून खोली होती.

क्लबचे सेक्रेटरी मेजरसाहेब तरातरा चालत आले. निवृत्त गोरा माणूस, हिंदुस्तानीत बोलायची हौस.

"करीम, ये तुमने सिखाया?"

"जी साब."

"महीने के आखिर तक साहब का बॉल सीधा नहीं गया, तो बंबई से दूसरा मास्टर आएगा. समझा?"

करीमभाईंनी सलाम केला. मेजर फोटोसाठी मिशा पिळत खुर्चीवर जाऊन बसले.

चेंडू निघतो सरळ आणि पुढे जाऊन केळ्यासारखा उजवीकडे वाकतो, त्याला स्लाइस म्हणतात. बॅरिस्टरांना हा रोग जुना होता. फोटो झाल्यावर ते करीमभाईंवर उखडले.

"तुमचा एक शब्द मी मोडलेला नाही, मास्तर. मुंडी खाली म्हणालात, खाली. डावा हात सरळ म्हणालात, सरळ. पाय गाडून ठेवा म्हणालात, तर खुंटासारखा उभा राहतो!"

"तुम्हाला वाटतं तसं, साब," करीमभाई म्हणाले. "पण होत नाय. झालं असतं तर बॉल सरळ गेला असता. मी तसंच मारतो ना."

बॅरिस्टरांची नजर माझ्याकडे वळली. "दोन साक्षीदार, दोन उलट्या जबान्या. आता तिसरा साक्षीदार हवा, ज्याला जीभ नाही. भालेराव, तुमच्याकडे सिनेमाचा कॅमेरा आहे ना?"

होता. मूकपटांच्या काळात मी एका कंपनीत कॅमेरामन होतो. बोलपट आले, कंपनी बसली, आणि मालकांनी निरोप देताना मला हातानं फिरवायचा तो लाकडी कॅमेरा देऊन टाकला. तो घेऊन मी नाशकात परत आलो आणि भद्रकालीत फोटो स्टुडिओ थाटला. कॅमेरा फडक्यात गुंडाळून ठेवला होता. त्याला कुणी विचारील असं वाटलं नव्हतं.

इथे थोडं धंद्यातलं सांगायला हवं. या कॅमेऱ्याला एक हँडल असतं. ते फिरवलं की फिल्म सरकते आणि एकामागून एक चित्रं उमटतात. हँडल नेहमीच्या लयीत फिरवलं तर पडद्यावर माणसं नेहमीसारखी चालतात. ते भराभर फिरवलं तर गंमत उलटी होते. तेवढ्याच वेळात चित्रं जास्त उमटतात, ती दाखवायला वेळ जास्त लागतो, म्हणून पडद्यावर माणूस पाण्यातून चालल्यासारखा हळू हलतो. डोळ्याला जे सापडत नाही ते सापडतं. लय राखायला आम्ही मनात ठेका धरायचो. साध्या सीनला ठाय, म्हणजे संथ, आणि असलं काही असेल तर दुगुन, तिगुन, म्हणजे दुप्पट, तिप्पट. माझे वस्ताद सांगायचे, हँडल फिरवताना नटाकडे पाहू नकोस. मारामारी रंगली की हात नकळत धावतो आणि सगळं चित्र बिघडतं. त्यामुळे मी कितीतरी युद्धं टिपली, पण पाहिलं एकही नाही.

थंडीचे दिवस होते. फिल्म भराभर सरकली की चित्राला उजेड कमी मिळतो, म्हणून भर दुपारचं ऊन निवडलं. कॅमेऱ्याचं तिकाटणं हलू नये म्हणून त्याला वाळूचं पोतं बांधलं. बॅरिस्टर कोट काढून चेंडूजवळ उभे राहिले. करीमभाई माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, तुमच्या या डब्यात माझी भाकर हाय."

"डबा काय, दिसेल ते दाखवतो, करीमभाई."

"म्हणून तर झोप नाय. साबांची चूक दिसू दे, एवढंच मागतो अल्लाकडं. वाईट हाय मागणं, पण मागतो."

मी तिकाटण्याच्या पायाकडे नजर लावून तिगुन धरली. बॅरिस्टरांनी चेंडू मारले. ते कुठे गेले हे मला पाहावं लागलं नाही. त्यांच्या तोंडून जे निघालं त्यावरून कळलं.

थोडी फिल्म उरली होती. कच्ची फिल्म वाया घालवणं आमच्या धंद्यात पाप समजतात. म्हटलं, "करीमभाई, तुम्ही उभे राहा."

"माझं काय बघायचं?" असं म्हणत ते उभे राहिले, आणि सवयीनं बॅरिस्टरांना शिकवतच त्यांनी काठी उचलली. "हे बघा साब, मुंडी खाली. हात सरळ. पाय गाडलेले..." आणि चेंडू दोरी ताणल्यासारखा गेला.

फिल्म धुऊन, वाळवून, तिची छापील प्रत काढून मी बॅरिस्टरांच्या बंगल्यावर गेलो. कचेरीच्या खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या, भिंतीवर चादर ताणली आणि सिनेमा दाखवायचं मशीन सुरू केलं. करीमभाईंना खुर्ची दिली होती, पण ते उभेच राहिले.

भिंतीवर बॅरिस्टर आले. काठी हळूहळू वर गेली, हळूहळू खाली आली. करीमभाई पुटपुटत होते. "मुंडी खाली... बरोबर. डावा हात... बरोबर. पाय..." त्यांचा आवाज बारीक झाला. "पाय बी बरोबर."

बॅरिस्टर खरं बोलत होते. मास्तरांनी सांगितलेली एकही गोष्ट त्यांनी मोडली नव्हती. आणि तरीही काठी चेंडूवर बाहेरून आत कापत येत होती. पाय जमिनीत खिळलेले, त्यामुळे सगळा जोर एकट्या हातांचा. चेंडू गिरकी घेणार नाही तर काय करणार?

"पुरावा माझ्या बाजूनं आहे, मास्तर," बॅरिस्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. करीमभाईंनी टोपी सारखी केली आणि ते दाराकडे वळले. मी मशीन बंद करणार होतो, तेवढ्यात उरलेला तुकडा आपसूक भिंतीवर आला.

करीमभाई काठी उचलत होते. मुंडी खाली, हात सरळ. आणि मग त्यांची डावी टाच जमिनीवरून उठली. अगदी स्वच्छ, खालून ऊन दिसेल इतकी. काठी अजून वरच होती, तोवर टाच परत खाली टेकली, आणि तिच्या मागोमाग सगळं शरीर निघालं. आधी गुडघा, मग कंबर, मग खांदे. हात सगळ्यांत शेवटी. वाजंत्री आणि वऱ्हाडी पुढे जावेत आणि नवरदेव मागून डुलत यावा, तसे ते हात आले. त्यांना कसली घाई नव्हती. चेंडूला काठी लागली ती जणू वाटेत चेंडू होता म्हणून.

मी कंपनीत असताना देवांना आकाशातून उतरवलं आहे, दोऱ्या बांधून. राक्षसांची मुंडकी उडवली आहेत. त्यातलं काहीच मला कधी चमत्कार वाटलं नव्हतं, कारण दोरी माझ्याच हातात असायची. इथे दोरी कुणाच्याच हातात नव्हती. एक साधा पन्नाशीचा माणूस, आणि त्याच्या अंगात हे एवढं सगळं इतक्या शिस्तीनं चाललं होतं, त्याला न विचारता.

"थांबवा! तिथंच थांबवा!" बॅरिस्टर ओरडले.

थांबवता येत नाही. दिव्याच्या आचेनं थांबलेली फिल्म पेटते, आणि ती पेटली तर बंगल्याचं काही सांगता येत नाही. मग मी एक युक्ती केली. तेवढा तुकडा कापून त्याची दोन टोकं जोडली, माळेसारखी. आता भिंतीवर करीमभाई पुन्हा पुन्हा काठी उचलायला लागले. टाच वर, टाच खाली. टाच वर, टाच खाली.

"हा कोण हाय?" करीमभाईंनी विचारलं.

"तुम्हीच."

"नाय. मी असा नाय मारत." ते चादरीच्या अगदी जवळ गेले. "पाय उचलला बघा! हरामखोरानं पाय उचलला!"

"मास्तर," बॅरिस्टर हळू म्हणाले, "मग तुम्ही मला इतकी वर्षं खोटं शिकवलंत."

"अल्ला कसम, खोटं नाय साब. देवळालीच्या गोऱ्या सोल्जरानं मला हेच शिकवलं. आणि मला आतून तसंच वाटतं. आत्ता बी तसंच वाटतंय, पाय गाडलेलाच हाय." त्यांनी चादरीवरच्या आपल्या टाचेला बोट लावलं. "याला हे कुणी शिकवलं?"

मशीनची टकटक चालूच होती.

मग जी शिकवणी झाली तशी मी पुन्हा पाहिली नाही. बॅरिस्टरांनी फिरायची छडी घेतली, करीमभाईंनी छत्री. दोघं चादरीसमोर शेजारी शेजारी उभे राहिले आणि भिंतीवरच्या करीमभाईंची नक्कल करू लागले. असं पुष्कळ दुपारी चाललं. जोडलेला तुकडा तुटायचा, मी पुन्हा चिकटवायचो. मैदानावर पहिल्यांदा बॅरिस्टरांचे चेंडू जमिनीवरूनच सरपटले. मग एके सकाळी एक चेंडू उठला आणि सरळ गेला. त्यामागून दुसरा. बॅरिस्टर लहान पोरासारखे हसत सुटले.

पण इकडे दुसरंच झालं. करीमभाईंचा चेंडू उजवीकडे जायला लागला! काठी उचलली की त्यांना टाच आठवायची. उचलू का? किती उचलू? उचलली का? तोवर हात पुढे निघालेले असायचे. आयुष्यात जो रोग झाला नव्हता तो आता झाला. दुष्काळात तेरावा महिना. मला वाटलं, यांच्या घरात चोर मीच घुसवला.

महिनाअखेर मेजर आले. बॅरिस्टरांनी चेंडू सरळ मारून दाखवला. मेजर खूश झाले, पण सिनेमाची हकीकत त्यांच्या कानावर गेली होती.

"तो ये कैमरा ने सिखाया," ते म्हणाले. "फिर मास्टर का क्या काम? करीम, तुम मारके दिखाओ."

करीमभाई चेंडूजवळ गेले. काठी धरली, सोडली, पुन्हा धरली. थंडीतही त्यांच्या मानेवर घाम दिसत होता. खोलीच्या दारात त्यांची बायको पदर तोंडाशी धरून उभी होती. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

तेवढ्यात बॅरिस्टर पुढे झाले. "मास्तर, एक मिनिट. माझं पुन्हा बिघडलंय. मला पहिल्यापासून सांगा. तुमच्या त्या जुन्या पद्धतीनं सांगा."

करीमभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "जुनं? ते तर..."

"मी विद्यार्थी आहे. तुम्ही सांगा."

मास्तर तो मास्तर. शिकवा म्हटल्यावर त्यांचा आवाज आपोआप ठणठणीत झाला. "हे बघा साब. मुंडी खाली. डावा हात सरळ. आणि पाय गाडून ठेवायचा, हलवायचा नाय, बिलकूल हलवायचा नाय..."

मी चेंडूकडे पाहिलंच नाही. मी टाचेकडे पाहत होतो. 'बिलकूल' म्हणता म्हणता ती उठली, आणि 'नाय' म्हणेपर्यंत परत टेकली. मग तो आवाज आला, कोरड्या लाकडावर नीट बसलेल्या घावाचा. मेजर चेंडू गेला त्या दिशेला बघत राहिले. मुंबईचा मास्तर कधीच आला नाही.

बॅरिस्टरांना मी नंतर विचारलं, हे कसं सुचलं? ते म्हणाले, "साक्षीदार खरं काय ते आठवायला लागला की अडखळतो. त्याला त्याचं पाठ केलेलं बोलू द्यावं. खरं मग हातापायांतून बाहेर येतं."

करीमभाईंनी पुढे बरीच वर्षं शिकवलं. शब्द तेच, जुनेच. फक्त नव्या शिष्याला पहिल्याच दिवशी बजावायचे, "मी बोलतो ते माझ्यासाठी हाय, साब. तुम्ही ते ऐकू नका, नुसतं बघा."

मी धंद्यात एवढंच शिकलो. कुणी उस्ताद आपली विद्या समजावून सांगू लागला की मी आदरानं मान डोलावतो, आणि त्याच्या पायांकडे पाहतो.